मोजणीबाहेरचा माणूस

माझ्या वडिलांनी यहुदी लोकांवर जेवढं प्रेम केलं, तेवढं प्रेम त्यांच्यापैकी कुणीही मागितलं नव्हतं. निदान आमच्या शेजारच्या काकांनी तरी नाही. ते बिचारे दिवसभर रेल्वेच्या कारखान्यात लोखंडाशी झटून घरी येत, पाय धुऊन गॅलरीत खुर्ची टाकून बसत, आणि त्यांचा चहा अर्धा होतो न होतो तोच बाबा शास्त्र, म्हणजे बायबल, काखेत मारून हजर होत. मग काकांना त्यांच्याच पूर्वजांची हकीकत नव्याने सांगितली जाई. मी आत भाकरी थापत असले तरी माझ्या कानांची आग व्हायची.

आम्ही मराठी ख्रिस्ती, मूळचे नगर जिल्ह्यातले. आजोबांनी धर्म बदलला, बाबा मुंबईला आले आणि परळच्या चाळीत दोन खोल्यांत आमचा संसार उभा राहिला. बाबा गिरणीच्या ऑफिसात कारकून होते. रविवारी चर्चमध्ये मुलांची शाळा घेत, म्हणून अख्खी चाळ त्यांना मास्तर म्हणे. शेजारचं कुटुंब बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी: काका, मावशी आणि त्यांचा एकुलता एक मुलगा. ते अलिबागकडचे. गावाकडे पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा, आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून त्यांना तिकडे शनवारतेली म्हणत. चाळीत बाकी सगळी कोकणातली हिंदू मंडळी. त्यांच्या लेखी हे शनवारवाले, आम्ही रविवारवाले आणि दोघांकडेही गणपती नाही. एवढ्यावर त्यांचं कुतूहल संपत असे.

बाबांचं संपत नसे. आपला धर्म यहुद्यांच्या मुळावर उभा आहे, आपला तारणारा यहुदी घरात जन्मला, त्याच्या आईने शुक्रवारी दिवा लावला असेल, हे सगळं त्यांना एकदा कळलं आणि ते पछाडल्यासारखे झाले. वर नशीब असं की तशी एक आई खरोखर शेजारीच दर शुक्रवारी दिवा लावत होती. आमच्या पाळकसाहेबांना हे वेड मुळीच पसंत नव्हतं. त्यांच्या मते जुनं झालं ते गेलं, यहुद्यांनी नाकारलं, विषय संपला. रविवारी उपदेशात ते तसं बोलले की बाबा बाकावर चुळबुळ करायचे आणि घरी येऊन आमच्यावर चिडायचे. जणू उपदेश आईने केला होता!

त्यातून काय काय सोसलं, विचारू नका. एका शनिवारी त्यांनी चूल पेटवायची नाही असं फर्मान काढलं. आई म्हणाली, "बरं. मग उपाशी झोपा." दुपारपर्यंत त्यांनी तग धरला आणि मग गुपचूप खाली जाऊन इराण्याकडे ब्रून मस्का खाऊन आले. मिशीला लोणी तसंच. शेजाऱ्यांच्या दाराच्या चौकटीला एक लहानशी पट्टी तिरकी ठोकलेली होती, आत त्यांच्या शास्त्रातली वचनं असत. येताजाता मावशी तिला बोटं लावून ती बोटं ओठांना लावायची. बाबांनी तेही उचललं. त्यांनी सिगरेटची रिकामी पत्र्याची डबी आणली, तीत स्वतःच्या अक्षरात एक वचन लिहून घातलं आणि आमच्या दाराला खिळा मारून ठोकली. वरचं चित्र खरवडलं होतं खरं, पण पूर्ण निघालं नव्हतं. मैत्रिणी आल्या की मी लाजेने मेल्याहून मेल्यासारखी होई.

मावशी ती डबी पाहून पदराआड हसली होती. काका मात्र कधी हसले नाहीत. एकदा बाबा त्यांना रंगात येऊन सांगत होते, की आम्ही परजातीय लोक म्हणजे रानटी जैतुनाची फांदी आणि तुमच्या मूळ झाडावर आमचं कलम झालेलं आहे. काकांनी बशीतला चहा संपवला.

"मास्तर," ते म्हणाले, "जैतुनाचं झाड तुम्ही पाहिलंय?"

"नाही."

"मीपण नाही. आमच्याकडं नारळ. नारळाचं कलम होत नाय."

"पण भाऊ, मुद्दा असा आहे—"

"मुद्दा काय ता मला कळला. तू बस. चाय घे."

काका कधी अहो म्हणत, कधी अरे. बाबांनी कलम लावून घेतलं होतं की नाही देव जाणे, पण खुर्ची मात्र त्यांना रोज मिळत होती.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. परळ-लालबागला सकाळ उजाडायची ती घोषणांनी. आज मोर्चा, उद्या हरताळ, परवा दगडफेक, की लगेच संचारबंदी. मी जवळच्याच इस्पितळात नर्स होते आणि त्या दिवसांत डोकी फुटलेली किती पोरं मी टाके घालताना धरली, त्याची गणती नाही. शेजारचा मुलगा मोर्चात पुढे असायचा. कुणीतरी त्याला म्हणालं, तुझा देश तर आता तिकडे इस्राएलला झाला, तुला मुंबई महाराष्ट्रात गेली काय नि राहिली काय. त्यावर काका गॅलरीतून कडाडले होते, "आमच्या किती पिढ्या ह्या मातीत गेल्या, तुला ठाव हाय काय? मुंबै आमची नाय तर कुणाची?" त्यांचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला.

असल्याच एका हरताळाच्या शुक्रवारी सकाळी मावशीने आमच्या भिंतीवर थापा मारल्या. मी धावत गेले. काका खुर्चीतच होते. मी नाडी पाहिली, डोळे पाहिले, आणि जे सांगायचं ते मावशीला माझ्या तोंडावरूनच कळलं. तिने हंबरडा फोडला नाही. फक्त म्हणाली, "आज शुक्रवार."

तिला काय म्हणायचं होतं ते मला जरा वेळाने उमगलं. सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ, शनिवारच्या विसाव्याचा दिवस, सुरू, आणि शब्बाथच्या दिवशी माती देता येत नाही. म्हणजे आज मावळतीच्या आत नाही झालं, तर काकांना थेट रविवारपर्यंत त्या उकाड्याच्या खोलीत ठेवावं लागणार. आणि नुसती माती देऊन भागत नव्हतं. मुलाने बापासाठी कद्दीश नावाची प्रार्थना म्हणायची असते, आणि कद्दीश म्हणायला दहा यहुदी पुरुष लागतात. नऊ चालत नाहीत. नऊ असले तर मुलाने मुकाट्याने उभं राहायचं.

"बापाला मूठमाती देताना माझा पोरगा मुका उभा राहील?" मावशी मला विचारत होती. जणू नियम मी केला होता. "जन्मभर टोचेल त्याला ता."

ट्रामा बंद, बसगाड्या बंद, नाक्यानाक्यावर पोलीस. नातलग सगळे भायखळ्याच्या पलीकडे. तरी निरोप तोंडातोंडी गेला आणि गल्लीबोळांतून एकेक जण येत राहिला. कारखान्यातले दोन सोबती, एक म्हातारे आजोबा, जे त्यांच्यात प्रार्थना चालवत, त्यांचे दोन पुतणे, आणखी असेच. आजोबांनी काकांना आंघोळ घातली, पांढरं नेसवलं. दुपार कलायला लागली तेव्हा मुलासकट नऊ जण झाले होते. दहावा येईना.

मी गॅलरीत उभी होते. आजोबा पुन्हा पुन्हा रस्त्याकडे पाहत होते आणि तेवढ्यात माझ्या मनात जी भीती होती तीच खरी ठरली. बाबा आमच्या खोलीतून बाहेर आले. अंगात चर्चचा काळा कोट, डोक्यावर टोपी, काखेत शास्त्र. ते सरळ शेजारच्या दारात गेले, चौकटीवरच्या पट्टीला बोटं लावून ओठांना लावली आणि म्हणाले,

"दहावा मी आहे."

सगळ्यांनी आजोबांकडे पाहिलं. मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मला नाही, यांना पोटात घ्यावं.

आजोबा सभ्य माणूस. ते म्हणाले, "मास्तर, तुमचा नि त्याचा जिव्हाळा मला ठाऊक आहे. बसा."

"बसायला नाही आलो. मला मोजा. मी त्याच अब्राहामाचा विश्वासाने पुत्र आहे. शास्त्रात आधार आहे, काढून दाखवतो." आणि खरोखर पानं उलटायला लागले हो! पलीकडे मयत, आणि हे पानं उलटताहेत.

"तुमच्या शास्त्रात असेल," आजोबा म्हणाले. "आमच्या मोजणीत तुम्हाला धरता येणार नाही."

बाबांचा हात पानावरच थांबला. मी त्यांना चिडलेलं हजारदा पाहिलं होतं, पाळकांवर, आईवर, माझ्यावर. हा चेहरा वेगळा होता. कुणी पंगतीतून उठवावं तसे ते मागे सरले आणि गॅलरीत येऊन कठड्याला टेकले. आणि मला, खरं सांगते, कीव येण्याआधी संताप आला. मी त्यांना दंडाला धरून आमच्या दारापाशी ओढलं.

"कळतंय का तुम्हाला? त्या बाईचा नवरा गेलाय. तिला तिच्या पोराची कद्दीश हवी आहे आणि तुम्हाला तुमचा नंबर हवाय!"

"तू मध्ये पडू नकोस."

"पडणार. सात रस्त्याला तुमच्या ओळखीचे कंपाउंडर राहतात ना, यांच्यापैकीच? तुम्हीच दवा आणायला जाता त्यांच्याकडे. आणा त्यांना."

"हे नऊ जण बसलेत, त्यांतला एखादा जाईल की."

"त्यांतला एक गेला आणि पोलिसांनी अडकवला, की आठ उरतील. त्यांना हलताच येत नाही. तुम्हाला येतं. तुम्ही मोजणीत नाही म्हणून तुम्हीच जाऊ शकता!"

हे वाक्य मी रागाने बोलले होते, समजूत घालायला नाही. पण बाबांनी माझ्याकडे पाहिलं, शास्त्र आईच्या हातात दिलं आणि जिन्याकडे निघाले. मीही गणवेश चढवला आणि मागे गेले. नर्सचा पांढरा गणवेश पाहिला की पोलीस सोडत, हे मला अनुभवाने माहीत होतं.

लालबागपर्यंत रस्त्यावर दगड आणि चपला पडलेल्या. चपलाच जास्त. नाक्यावर हवालदाराने काठी आडवी धरली. मी म्हणाले, मयत आहे, माणूस आणायला चाललोय. त्याने गणवेश पाहिला, बाबांचा काळा कोट पाहिला आणि म्हणाला, "पाद्रीसाहेब काय? जा, लवकर या." बाबांनी पाद्री नसल्याचा खुलासा करायला तोंड उघडलं, ते मी चिमटा काढून बंद केलं. पुढे बोळात पोरांचा घोळका. त्यांनी कोट पाहून दुसराच अर्थ काढला. "ए साहेब, कुठं चाललास? मुंबई कुणाची, बोल!" बाबा थांबले आणि अशी आरोळी ठोकली की वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. पोरांनी टाळ्या वाजवून वाट दिली. एकाने त्यांना काकाऽ म्हणून हाकही मारली.

त्या आरोळीने त्यांच्या आतलं काहीतरी मोकळं झालं असावं, कारण चिंचपोकळीच्या पुलावर ते आपण होऊन बोलायला लागले. माझ्याकडे न बघता.

"माझ्या बापाला गावाने धरलं नाही. वेशीबाहेर. मिशनच्या साहेबाने धरलं, पण बाक वेगळा. आपला नायगावचा भाऊ परवा बौद्ध दीक्षा घेऊन आला, मला म्हणाला, तुम्ही आता आमच्यात नाही. पाळक म्हणतात, तू यहुदी झालास. आणि हे म्हणतात, तू यहुदी नाहीस." मग थोडं चालून, "कुणाच्याच बेरजेत नाही मी."

मला गलबलून आलं. पण माझा स्वभाव मेला असा, की तोंडातून निघालं, "बाबा, पाय उचला. ऊन उतरायला लागलं."

कंपाउंडर घरीच होते, दाराला आतून कडी लावून. दंगल आहे, मी नाही येत, माझी बायको घाबरते, असं दार न उघडताच सांगू लागले. बाबांनी त्यांना एकही वचन सांगितलं नाही. अब्राहाम नाही, कलम नाही, काही नाही. दाराला तोंड लावून म्हणाले, "तिथं नऊ जण बसलेत. मी चालत नाही म्हणून तुम्हाला न्यायला आलोय. तुम्ही चालता. नुसतं उभं राहायचंय तुम्हाला. एवढ्यासाठी मी काय देईन ते तुम्हाला कळायचं नाही."

 मग कडी निघाली.

येताना आम्ही त्यांना मध्ये घेऊन चाललो. घोळका दिसला की बाबा आधीच घोषणा देत. आम्ही चाळीत पोचलो तेव्हा उन्हं गॅलरीच्या कठड्यावरून खाली उतरली होती. कंपाउंडरांनी चौकटीला बोटं लावली आणि आत गेले. बाबाही सवयीने दारापर्यंत गेले, हात उचलला आणि खाली घेतला. उंबऱ्याबाहेरच थांबले. आत आजोबांनी सुरुवात केली. मग काकांना उचललं, वरळीकडच्या कबरस्तानात नेलं, आणि बाबाही मागून गेले. बायकांनी जायची रीत नव्हती, त्यामुळे पुढचं मी पाहिलं नाही. मुलाने नंतर मावशीला सांगितलं, की त्याचा आवाज दोनदा फुटला, पण कद्दीश पुरी झाली.

इकडे मावशी मला म्हणाली, "पोरी, आता एक काम तुमच्यावर. मातीवरून आल्यावरचा पहिला घास आम्हांला आमच्या घरचा चालत नाय. दुसऱ्याच्या घरून यावा लागतो. आमचं कुणी आज येऊ शकत नाय." तिने कपाटातून तवा काढून माझ्या हातात दिला. "तुमच्या भांड्यांतलं आम्हांला चालत नाय, तवा माझा घे. पीठ तुमचं."

मंडळी दिवस मावळायच्या आत परतली, दाराबाहेर हात धुतले. शुक्रवारचा दिवा त्या दिवशीही लागला. आईने भाकऱ्या केल्या होत्या, मावशीच्याच पातेल्यात अंडी उकडली होती. ताट घेऊन मी निघाले तर बाबा म्हणाले, "मी नेतो." नेलं आणि मुलाच्या हातात पहिली भाकरी दिली. त्यांना बोलायची संधी होती आणि ते बोलले नाहीत. आमच्या घराच्या इतिहासात असं पूर्वी घडलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या दारावरची डबी नव्हती. नुसतं खिळ्याचं भोक उरलं होतं. शोक संपल्यावर मावशी ताट परत द्यायला आली. आत येता येता हात चौकटीकडे गेला आणि थबकला.

"मास्तर, डबी काय केलीत?"

"काढली. ती आमची नव्हती."

"मी बोलले काय कधी तुम्हांला? सिगरेटची होती, तेवढाच ता वाईट दिसायचा."

बाबा ताट घेऊन आत गेले. शास्त्र मात्र त्यांनी सोडलं नाही. संध्याकाळ झाली की ते काकांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी उभे राहत आणि मुलगा म्हणे, बसा ना. मग बसत.

महाराष्ट्र झाला, मुंबईही मिळाली आणि पुढे दोन-तीन वर्षांत मावशी नि तिचा मुलगा देशान्तर करून तिकडे इस्राएलला गेले. ज्या पोराने मुंबईसाठी डोक्यात काठी खाल्ली, त्याला मुंबई सोडताना बोटीच्या धक्क्यावर रडताना मी पाहिलं. काही दिवसांनी ते प्रार्थना चालवणारे आजोबा बाबांना भेटायला आले. त्यांनी सांगितलं, की मावशीच्या मुलाचं लग्न ठरलंय आणि अडलंय. तिथले काही धर्मपंडित म्हणतात, ही हिंदुस्थानातली माणसं खरी यहुदी कशावरून? पिढ्या तपासायला हव्यात.

बाबा तोवर थकले होते, कानाने कमी ऐकत. त्यांनी आजोबांना ते दोनदा सांगायला लावलं. मग असे उठले, की खुर्ची मागे पडली.

"कोण म्हणतो? कोण तपासणार त्यांना? मला न्या तिथं!" त्यांचा आवाज चिंचपोकळीच्या बोळातल्या आरोळीइतका चढला. आई आतून धावत आली. "मी साक्ष देतो. त्या दिवशी मी दाराबाहेर उभा होतो. दहा होते. मला विचारा, पुरे दहा होते. मी नव्हतो त्यांत!"